छज्ज्याची सळई दिसू लागली की

आमचं घर रत्नागिरीत, खाडीलगत. खाऱ्या हवेत छज्ज्याच्या पोटाला तपकिरी रेघ उमटली की मी हातोडी काढतो. त्यावर रंग मारणं म्हणजे रोग झाकणं. गंजलेलं लोखंड फुगतं, मूळच्या कितीतरी पट जागा घेतं आणि काँक्रीटचे पोपडे पाडतं.

आधी टेकू द्या, डोळ्यांना चष्मा लावा. हलकेच ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. पोकळ वाजेल तेवढं सगळं काढायचं. सळईच्या मागे बोट फिरेल इतकं खोल फोडा. गवंडी नेमका इथेच आळस करतो, म्हणून मी शिडी सोडत नाही. गोड्या पाण्याने धुवा, वाळल्यावर लोखंड चकाकेपर्यंत तारेच्या ब्रशने घासा, मग लगेच झिंक प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा जस्ताचा पहिला हात. सळई पाव भाग झिजली असेल तर इंजिनिअरच बोलवा.

प्रायमर सुकला की जुनं काँक्रीट ओलं करा, पण पाणी साचू देऊ नका. सिमेंट आणि एसबीआर लॅटेक्सची (जुन्या-नव्या मालाला धरून ठेवणारं दुधासारखं रसायन) खीर लावून ती चिकट असतानाच माल दाबून भरा: एक भाग सिमेंट, तीन भाग धुतलेली नदीची वाळू, पाण्यात लॅटेक्स. समुद्राची वाळू फुकट मिळाली तरी नको! एका वेळी थर साधारण १० मिमीचाच; एकदम जाड भराल तर गळून पडेल. पाणी किती दिवस मारायचं ते लॅटेक्सच्या डब्यावर असतं.

छज्ज्याच्या कडेखाली एक खाच ठेवायला सांगा. पावसाचं पाणी तिथूनच गळतं, भिंतीकडे येत नाही.