व्हिएन्ना ते ब्रातिस्लावा: एकटीनं, सायकलवर, एका दिवसात

सायकलवरून दुसऱ्या देशात जायचं म्हटलं की लोक मला सीमेबद्दलच विचारतात. अडवतात का, शिक्का मारतात का, एकट्या बाईला काय काय विचारतात? खरं तर ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना ते स्लोव्हाकियातलं ब्रातिस्लावा या सुमारे 65 ते 70 किलोमीटरच्या वाटेवर सीमा हा सगळ्यात सोपा भाग आहे. अवघड आहे तो त्याआधीचा, डॅन्यूब नदीकाठचा पूर अडवणारा बांध. सरळ, उघडा, दुकान नाही, स्टेशन नाही, आणि दमल्यावर निर्णय घ्यायला सोबत दुसरं कुणी नाही. म्हणून मी एकटी निघते तेव्हा शक्य तेवढे निर्णय आदल्या रात्रीच घेऊन टाकते. कुठे खायचं, कुठे परत फिरायचं, कुठून गाडी पकडायची, सगळं. हा लेख म्हणजे त्या निर्णयांचीच मांडणी आहे.

पहिला निर्णय वाऱ्याचा. या खोऱ्यात वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून येतो, त्यामुळे व्हिएन्नाहून पूर्वेला जाताना तो पाठीवर असतो. पण आग्नेयेचे वारेही सुटतात, आणि तेव्हा बांधावर आडोसा मिळत नाही. आदल्या संध्याकाळी अंदाज बघायचा. समोरून ताशी 20 किलोमीटरच्या वर वारा असेल तर मी बेत उलटा करते. सकाळी सायकल घेऊन ट्रेननं ब्रातिस्लावाला जायचं, साधारण तासाचा प्रवास आहे, आणि तिथून सायकलनं व्हिएन्नाकडे यायचं. सीमा तीच, रस्ता तोच, फक्त वारा आपल्या बाजूचा. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. सामान लादलेल्या सायकलवर समोरच्या वाऱ्यात चार तास काढले की पाय तर जातातच, डोकंही चालेनासं होतं. चुकीचं वळण नेमकं तेव्हाच घेतलं जातं.

कागदपत्रं. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हाकिया दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटात आहेत. स्लोव्हाकिया डिसेंबर 2007 मध्ये आत आला आणि 2009 पासून तिथेही युरो चालतो. त्यामुळे शिक्का नाही आणि पैसे बदलायची भानगड नाही. तुमचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा असला तरी ही सीमा ओलांडणं नवी एंट्री धरली जात नाही. म्हणून पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघायचं का? अजिबात नाही. शेंगेनच्या आतही देश अधूनमधून तात्पुरती तपासणी सुरू करतात, आणि पोलीस कुठेही ओळखपत्र मागू शकतात. मी पासपोर्ट आणि विम्याचा कागद झिपलॉक पिशवीत घालून हँडलबारच्या बॅगेत ठेवते, मागच्या पॅनियरमध्ये, म्हणजे कॅरियरला लटकवायच्या पिशवीत नाही. दुकानात जाताना हँडलबारची बॅग काढून खांद्याला लावता येते, पॅनियर सायकलवरच राहतात.

हेल्मेट व्हिएन्नातूनच घालून निघा. ऑस्ट्रियात ते फक्त 12 वर्षांखालच्या मुलांना सक्तीचं आहे, पण स्लोव्हाकियात वस्तीबाहेर सायकल चालवताना मोठ्यांनाही घालावंच लागतं. ऑस्ट्रियात सायकलला दोन स्वतंत्र ब्रेक, घंटी आणि रिफ्लेक्टर हवेत, अंधारात पुढेमागे दिवे हवेत. हातात फोन धरून सायकल चालवायला बंदी आहे, तेव्हा फोन हँडलवरच्या स्टँडला लावा, नकाशा आधी उतरवून ठेवा, आणि चार्ज केलेली पॉवर बँक बरोबर घ्या.

सामान कमी, पण दुरुस्तीचं पूर्ण. दोन जादा ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, ठिगळं, पंप, मल्टिटूल, चेन जोडायची एक क्विक लिंक. पंप तुमच्या व्हॉल्व्हला बसतो का ते घरीच तपासा, भाड्याची सायकल असेल तर नक्कीच. टायर 32 ते 40 मिलिमीटर रुंदीचे बरे, कारण वाट बहुतांश डांबरी असली तरी मधे मधे खडी लागते.

पंक्चर झालंच तर घाई करू नका, एकट्यानं चालवताना तर नाहीच. सायकल वाटेच्या कडेला घ्या. सामान उतरवा, मगच चाक काढा. ट्यूब बाहेर काढली की टायरच्या आतून बोट सावकाश, पूर्ण एक फेरा फिरवा. बांधावर कारण बहुतेक वेळा काटा किंवा खडीची बारीक कपची असते, डोळ्यांना न दिसणारी. बोटाला टोचली की नखानं नाही, लिव्हरच्या टोकानं आतून बाहेर ढकलून काढा. तो फेरा टाळला की नवी ट्यूबही दोन किलोमीटरवर बसते. हवा भरायच्या आधी टायरच्या दोन्ही कडा रिममध्ये नीट बसल्या आहेत ना, ट्यूब मधे चिमटली नाही ना, हे अंगठ्यानं दाबत बघा. वीस मिनिटं लागतात. लागू द्या.

आता वाट. मी राइश्सब्र्युक पुलापासून सुरुवात धरते, सकाळी आठला. तिथून डोनाउइन्सेलवर उतरायचं. हे डॅन्यूबमधलं 21 किलोमीटर लांबीचं मानवनिर्मित बेट. पुरापासून शहर वाचवायला 1972 पासून नवा कालवा खोदला आणि त्यातल्या मातीतून हे बेट उभं राहिलं. बाटल्या शहरातच भरून घ्या. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, 1873 मध्ये सुरू झालेल्या जलवाहिनीतून, आणि रस्त्यांवर पिण्याच्या पाण्याचे नळ जागोजागी आहेत. उन्हाळ्यात मी तीन लिटर घेऊन निघते.

पुढे लोबाउ, व्हिएन्नाच्या कडेचं पूररान. इथे वाट तेलाच्या प्रचंड टाक्यांच्या शेजारून जाते आणि नवख्या माणसाला हमखास वाटतं की आपण चुकलो. चुकलेला नसता. युरोव्हेलो 6 च्या पाट्या बघत राहा. हा मार्ग फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यापासून काळ्या समुद्रापर्यंत जातो आणि आपण त्याचा एक छोटा तुकडा चालवतो आहोत. पाटीवर ‘उमलाइटुंग’ दिसलं तर वळणमार्ग आहे, तो निमूट घ्या. पुरानंतर किंवा डागडुजीसाठी बांधाचे तुकडे बंद ठेवतात, आणि बंद वाटेत घुसून आठ किलोमीटर परत येण्यापेक्षा वळसा केव्हाही परवडतो.

टाक्या संपल्या की बांध सुरू. इथे एक अपेक्षा आधीच सोडून द्या, ती म्हणजे नदी दिसण्याची. बांध पूररानातून जातो, डॅन्यूब झाडांच्या पलीकडे असते, आणि कितीतरी वेळ फक्त समोर जाणारी सरळ रेघ दिसते. काहींना हा भाग कंटाळवाणा वाटतो. मला फार आवडतो. दोन्ही बाजूंना जुनं रान, साचलेल्या पाण्याचे फाटे, वर घिरट्या घालणारे शिकारी पक्षी. हे रान आज उभं आहे ते लोकांमुळे. डिसेंबर 1984 मध्ये इथे जलविद्युत प्रकल्प होणार होता. कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं श्टॉप्फेनरॉइटच्या रानात येऊन बसली, प्रकल्प थांबला, आणि 1996 मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. त्यामुळे इथे तंबू ठोकायला मनाई आहे. ती पाळा.

रानाचे दोन त्रास आहेत. जून-जुलैत डास, विशेषतः संध्याकाळी. आणि गोचीड. ऑस्ट्रियात गोचिडीतून मेंदूज्वराचा एक प्रकार पसरतो, त्यावर लस आहे. मोठा दौरा असेल तर निघण्याआधी डॉक्टरांशी बोला. आडोशाला जाताना उंच गवतात शिरू नका, आणि मुक्कामी पोचल्यावर अंघोळीच्या वेळी गुडघ्यामागे, कमरपट्ट्यापाशी, काखेत नीट बघा. सापडलीच तर चिमट्यानं कातडीला लागून धरा आणि सरळ ओढा. तेल लावणं, चटका देणं असलं काही नको.

साधारण 30 किलोमीटरवर ऑर्टला जाणारा फाटा येतो. डॅन्यूबकाठचं हे ऑर्ट गाव बांधापासून थोडं आत आहे, तिथे जुना किल्ला आणि उद्यानाचं केंद्र आहे. माझा दिवसातला खरा निर्णय इथे होतो. याच्यापुढे हाइनबुर्गच्या पुलापर्यंतचे सुमारे 20 किलोमीटर सुटका नाही. उत्तर काठाला रेल्वे बरीच लांब आहे, आणि बसमध्ये सायकल घेतीलच असं नाही. म्हणून माझी अट साधी आहे. ऑर्टला साडेअकराच्या आत पोचले, गुडघे ठीक आहेत आणि एक लिटर पाणी शिल्लक आहे, तर पुढे. यातलं एक जरी नसेल तरी इथेच जेवून, विश्रांती घेऊन, व्हिएन्नाला परत.

जेवायचं इथेच, भूक लागायच्या आधी. एक गोष्ट आधी तपासा: गावातली गास्टहाउस, म्हणजे खानावळी, आठवड्यातून एखाददोन दिवस बंद असतात, दारावर ‘रूहेटाग’ लिहिलेलं असतं, आणि रविवारी ऑस्ट्रियात किराण्याची दुकानं जवळपास सगळीच बंद. शनिवारी संध्याकाळीच चीज, पाव, केळी, सुकामेवा घेऊन ठेवायचा. रोख युरोही थोडे हवेत, लहान ठिकाणी कार्ड चालेलच असं नाही. पाणी संपलं तर गावाचं कब्रस्तान शोधा. फुलांना घालायला तिथे नळ असतो, युरोपभर सायकलवाले त्यावर बाटल्या भरतात. फक्त ‘काइन ट्रिंकवासर’ अशी पाटी असेल तर ते पिण्याचं नाही.

ऑर्टहून मी घरी पहिला निरोप पाठवते. दुसरा हाइनबुर्गच्या पुलावरून, तिसरा ब्रातिस्लावाच्या पुलावरून. लाइव्ह लोकेशन चालू असतंच, पण बॅटरी संपते, नेटवर्क जातं. ठरलेल्या तीन जागांवरचा निरोप दोन तास उशिरा झाला तर घरच्यांनी फोन करायचा, असं ठरलेलं आहे. दोन्ही देशांत मदतीसाठी 112 चालतो.

एकार्ट्सआउचा महाल वाटेपासून जवळ आहे. शेवटचा हॅब्सबर्ग सम्राट कार्ल सत्ता सोडल्यावर इथे येऊन राहिला, आणि हंगेरीच्या कारभारातून बाजूला होण्याच्या पत्रावर त्यानं इथेच, 13 नोव्हेंबर 1918 ला सही केली. वेळ हातात असेल तर बागेत बसा, नसेल तर सोडा.

मग पूल. बांधावरून चढून वर आलं की जवळजवळ दोन किलोमीटरचा पूल समोर असतो आणि दिवसभर लपलेली डॅन्यूब एकदम पायाखाली येते, रुंद आणि वेगानं जाणारी. वारा आडवा लागतो. पॅनियरना शिडासारखा धक्का बसतो, तेव्हा हलका गिअर आणि दोन्ही हात हँडलवर. फोटो थांबून काढा.

दक्षिण काठाला आलात की धोका संपला. इथून एस-7 ही लोकल बाड डॉइच-आल्टेनबुर्ग, हाइनबुर्ग आणि शेवटी वोल्फ्सटालहून व्हिएन्नाला जाते. पाय संपले असतील तर बसा त्यात. नसतील तर हाइनबुर्गमध्ये कॉफी घ्या, जुनी वेस बघा, आणि शेवटच्या टप्प्याला लागा.

वोल्फ्सटाल ते बेर्ग वाट मोठ्या रस्त्याच्या शेजारून जाते. मग येते सीमा. जुन्या नाक्याची जागा, एक निळी पाटी, वेगमर्यादेचा फलक, एवढंच. 10 डिसेंबर 1989 ला, पोलादी पडदा, म्हणजे कम्युनिस्ट पूर्व युरोपची बंद सीमा, फाटल्यावर, ब्रातिस्लावाची माणसं इथूनच हाइनबुर्गपर्यंत चालत गेली. अनेकांनी चाळीस वर्षांत पहिल्यांदा ही रेघ ओलांडली. मी इथे उतरून सायकल काही पावलं हातानं नेते. पलीकडे लगेच 1930 च्या दशकातले चेकोस्लोव्हाक काँक्रीटचे बंकर दिसतात, एकात संग्रहालय आहे. बघण्यासारखं आहे, पण उघडण्याचे दिवस मोजके, आधी तपासा.

सीमेनंतर सैल पडू नका. पेत्रझाल्का ही उंच इमारतींची अफाट वसाहत आहे. इथे वाटेवर पायी चालणारे, मुलं, कुत्री, स्केटिंगवाले सगळे असतात, आणि दिवसभर रिकाम्या बांधाची सवय झालेल्या डोळ्यांना ते उशिरा दिसतात. घंटी वाजवा, वेग कमी करा. शहरात शिरायला दोन पूल सोयीचे: वर तबकडीसारखं रेस्टॉरंट असलेला एसएनपी पूल, ज्यात सायकलींची वाट मोटारींच्या खालच्या मजल्यावर आहे, किंवा 2016 मध्ये पुन्हा उघडलेला जुना पूल, ज्यावरून ट्राम जाते. मला जुना पूल आवडतो, तो मोकळा आहे. ट्रामचे रूळ ओलांडताना चाक काटकोनात न्या, तिरपं गेलं की रुळात अडकतं.

जेवायला ब्रिंझोव्हे हालुश्की मागा, मेंढीच्या चीजमधले बटाट्याचे छोटे गोळे. शाकाहारी असाल तर ‘बेझ स्लानिनी’ सांगा, नाहीतर वर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात.

मे आणि सप्टेंबर हे महिने मला सर्वात योग्य वाटतात. जूनअखेर सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, पण ऊन कडक. ऑक्टोबरअखेर घड्याळं मागे गेली की पाचच्या सुमारास अंधार, तेव्हा आठच्या ऐवजी सातला निघा.

परत जायचं असेल तर व्हिएन्नाच्या गाड्या ब्रातिस्लावाच्या मुख्य स्टेशनवरून आणि पेत्रझाल्काहून मिळतात. सायकलचं वेगळं तिकीट काढा. दुसऱ्या दिवशी हंगेरीकडे जाणार असाल तर मुक्काम पेत्रझाल्काच्या बाजूलाच घ्या, कारण चुनोवोकडे जाणारा बांध त्याच काठावरून सुटतो, आणि हंगेरीत युरो नाही, फोरिंट चालतो.