तळघरात फरशी घालताय? आधी या चुका टाळा

"सोलापुरात कुठली आलीय ओल" असं मीच म्हणालो होतो आणि तेच अंगाशी आलं. मे महिन्यात दुकानाखालच्या तळघराचा कोबा एकदम खडखडीत, म्हणून त्यावर लाकडी डिझाइनची व्हिनाइल शीट चिकटवून घेतली. आपल्याकडं पावसाचा जोर सप्टेंबरात, त्यामुळं दसऱ्याच्या सुमाराला चादरींचे गठ्ठे हलवले तर खालच्या बाजूला कुबट वास, शीटचा कोपरा उचलला तर गोंद पातळ होऊन बोटाला चिकटतोय आणि कोबा काळा पडलेला.

पाणी वरून आलंच नव्हतं. काळी माती पावसात पाणी धरून ठेवते आणि ती ओल काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून वर चढत राहते. उघड्या कोब्यावरून उडून जाते म्हणून दिसत नाही, वर शीट आली की अडकते.

म्हणून उन्हाळ्यात बघून ठरवू नका. पाऊस झाल्यावर दीड बाय दीड फुटाचा जाड प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारही बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस तसाच ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब आले किंवा खालचा कोबा गडद झाला तर ओल जमिनीतून येतीय, थेंब फक्त वरच्या बाजूला असतील तर हवा दमट आहे, तिथं एक्झॉस्ट फॅन लावा. एका कोपऱ्यात करून भागत नाही, भिंतीजवळ आणि मधेही करा.

ओल निघाली तर लॅमिनेट विसरा, ते आतून लाकडाच्या भुशाचं, पाणी लागलं की कडा फुगतात त्या परत बसत नाहीत. कार्पेटही नकोच. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जेमतेम अर्धा टक्का पिते, टाइल कुजत नाही, पण मिस्त्री चार कोपऱ्यांना सिमेंटचे चार गोळे लावून टाइल दाबतात ना, तिथं खाली पोकळी राहते आणि पाणी साचतं. नाण्यानं वाजवून बघा, पोकळ आवाज आला तर तिथल्या तिथं काढायला लावा, नंतर कोणी येत नाही. जिन्याजवळ मॅट फिनिशच घ्या.

सांध्यांत पांढरी पावडर दिसली तर तो लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेले क्षार, कोरड्या ब्रशनं झाडा. अ‍ॅसिड ओतायची सवय फार वाईट, शहाबादीचा तर चुनखडीचा दगड, तो खरवडून निघतो.

आणि फरशीच्या आधी बाहेर जाऊन गच्चीचा पाइप बघा ओ. आमचा भिंतीच्या पायथ्याशीच सोडलेला होता, म्हणजे पावसाचं सगळं पाणी तळघराच्या कुशीत. तो लांब नेला, मग जुना कोबा फोडून खाली जाड प्लास्टिक अंथरलं, भिंतीवर वीतभर चढवून घेतलं, वर नवा कोबा. तो वाळायला जाडीच्या दर इंचाला महिनाभर धरा, घाई करू नका.

आता वर शहाबादी आहे, गठ्ठे लाकडी पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर लांब.