झाडाच्या वलयातली डेन्सिटी: आधी प्रोफाइल नीट करा, मग गणित

जुन्या हवामानाचा अंदाज घ्यायला झाडाच्या वलयांची रुंदी बरेच जण मोजतात, पण पाइन, स्प्रूससारख्या झाडांत खरी गंमत एकेका वलयाच्या आत असते. हंगामाच्या सुरुवातीला पेशी मोठ्या आणि पातळ भिंतीच्या, ते अर्लीवुड, शेवटी बारीक आणि जाड भिंतीच्या, ते लेटवुड. म्हणून डेन्सिटीचा (घनतेचा) ग्राफ, म्हणजेच प्रोफाइल, करवतीच्या दातांसारखा येतो, चढत जातो आणि वलयाच्या कडेला धाडकन खाली येतो.

सॅम्पलमधली राळ सॉल्व्हंटने काढून टाका, नाहीतर तिचीच डेन्सिटी मोजली जाईल. मग साधारण १ मिमी जाडीची पट्टी कापा, तंतू एक्स-रेच्या दिशेला समांतर हवेत, जरा तिरके असले तरी वलयाची कड पसरते. एक्स-रेमधून डेन्सिटी काढणं सोपंय: आरपार आलेली तीव्रता भागिले मूळ तीव्रता, त्याचा नैसर्गिक लॉग, उणे चिन्ह, मग जाडी आणि वस्तुमान शोषण गुणांक (दर किलो लाकूड एक्स-रे किती शोषतं ते) यांच्या गुणाकाराने भागायचं.

ग्राफ जिथे सगळ्यात तीव्र उताराने पडतो तिथे वलयाची सीमा धरा. अर्ली-लेटची विभागणी करायला प्रत्येक वलयाच्या किमान आणि कमाल डेन्सिटीची सरासरी घेतात, म्हणजे ३०० आणि ९०० असेल तर ६०० किलो प्रति घनमीटर.

आता जिथे हमखास चूक होते ते बघा. समजा लेटवुड फक्त ०.०६ मिमी आहे आणि तुमची मोजायची खिडकी, म्हणजे एका वेळी जेवढ्या रुंदीची सरासरी मोजली जाते ती, ०.१ मिमीची, तर तिच्यात ०.०६ मिमी ९०० चं आणि ०.०४ मिमी पुढच्या वलयाचं ३०० चं लाकूड येतं, सरासरी ६६०! झाडाने ९०० बनवलं आणि आपण ६६० लिहिलं, शिवाय हे अरुंद वलयातच जास्त होतं, म्हणजे ती चूक खोटा हवामान सिग्नल बनून बसते. म्हणून खिडकी १०-२० मायक्रॉनची (०.०१-०.०२ मिमी) ठेवा, प्लीज यात तडजोड नको.

नंतर कमाल लेटवुड डेन्सिटीची सिरीज करा, थंड प्रदेशात ती उन्हाळ्याच्या तापमानाशी रुंदीपेक्षा सहसा जास्त जुळते. झाडाच्या वयामुळे येणारा संथ कल स्प्लाइनने (ग्राफमधून जाणाऱ्या लवचीक गुळगुळीत वक्राने) काढून टाका, रुंदीला त्या वक्राने भागाकार करतात पण इथे वजाबाकी बहुतेक वेळा चालते, कारण डेन्सिटीची चढउतार सरासरीबरोबर तितकी वाढत नाही. आर (R) या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधलं डीपीएलआर (dplR) पॅकेज यासाठी पुरतं. सगळ्या झाडांची सरासरी मात्र क्रॉसडेटिंग (झाडांची वलयं एकमेकांशी जुळवून प्रत्येक वलयाचं वर्ष नक्की करणं) झाल्यावरच घ्या, कारण एक वलय सुटलं की तिथून सगळी वर्षं एकाने सरकतात आणि सरासरीत तो सिग्नल पुसून जातो.