जुन्या विंचेस्टर ९४ चे वय आणि मोल कसे ठरवावे

अमेरिकेत वडिलोपार्जित घर आवरताना लिव्हरची (ट्रिगरभोवतीचा दांडा खाली-वर करून काडतूस भरण्याची) शिकारी रायफल सापडली, तर ती विंचेस्टरची मॉडेल ९४ असण्याची शक्यता बरीच असते, कारण जॉन ब्राउनिंग यांनी रचलेली ही रायफल कनेक्टिकटमधील न्यू हेवन येथे १८९४ पासून २००६ पर्यंत लाखोंच्या संख्येने तयार झाली. हातात घेताच तिची नळी सुरक्षित दिशेला धरावी आणि लिव्हर पूर्ण खाली ओढून आत पाहावे. काडतुसे नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसलेली असतात. त्यामुळे एक बाहेर पडले म्हणून रायफल रिकामी झाली, असे समजू नये.

वयाचा पहिला पुरावा म्हणजे रिसीव्हरच्या (नळीमागच्या, यंत्रणा सामावणाऱ्या धातूच्या भागाच्या) खालच्या अंगाला, पुढच्या टोकाशी ठोकलेला अनुक्रमांक. हा आकडा २७,००,००० च्या पुढे असेल, तर रायफल १९६४ च्या बदलानंतरची आहे. त्या वर्षी खर्च वाचवण्यासाठी कारखान्याने रचना बदलली, आणि तो बदल आकडा न वाचताही दिसतो: लिव्हर उघडून खालून पाहिल्यास काडतूस वर उचलणारा भाग जुन्या रायफलीत भरीव पोलादाचा, तर नव्यात पत्रा दाबून केलेला आढळतो, आणि भरीव पिनांच्या जागी पोकळ पिना दिसतात. ‘चौसष्टपूर्व’ या एका शब्दासाठी ग्राहक जास्त पैसे मोजतात, ते बहुतांशी यामुळेच.

त्याहून जुन्या रायफलींच्या बाबतीत मात्र क्रमांकावरून वर्ष सांगणाऱ्या छापील याद्यांवर डोळे झाकून विसंबू नये. त्यांतील वर्षे आणि कारखान्याच्या मूळ नोंदी अनेकदा जुळत नाहीत. त्या नोंदी वायोमिंगमधील कोडी येथील शस्त्रसंग्रहालयात आहेत, आणि ३,५३,९९९ पर्यंतच्या क्रमांकांसाठी तेथून शुल्क भरून पत्र मागवता येते. १८९८ अखेरपर्यंत तयार झालेली रायफल अमेरिकेच्या संघीय कायद्यात पुरातन वस्तू ठरते (राज्यांचे नियम वेगळे असू शकतात), त्यामुळे तेथे एका वर्षाचा फरकही किमतीत दिसतो.

मोल ठरते ते मात्र वयापेक्षा मूळपणावर. रिसीव्हरवरचा निळसर मुलामा पापुद्रे सुटून करडा-तपकिरी झालेला असेल, तर तो तसाच राहू द्यावा. नव्या मुलाम्याने चकाकणारी रायफल जाणकार लगेच बाजूला ठेवतो. नळीवरील अक्षरांच्या कडा बुजलेल्या, स्क्रूभोवतीची जागा खोलगट झालेली किंवा दस्त्याचे लाकूड शेजारच्या धातूपेक्षा खाली गेलेले दिसले, म्हणजे कोणीतरी पॉलिशचे चाक आणि सँडपेपर चालवला आहे. दुर्बिणीसाठी नंतर पाडलेली भोके आणि कापून आखूड केलेली नळीही किंमत उतरवतात. नळीच्या आतील आटे (पीळदार खाचा) टॉर्चच्या उजेडात स्पष्ट दिसावेत.

१९६४ नंतरच्या स्मरणिका आवृत्त्या सोनेरी आणि देखण्या असल्या, तरी त्या मोठ्या संख्येने निघाल्या आणि लोकांनी जपूनही ठेवल्या. त्यामुळे न वापरलेली आणि मूळ खोक्यासह असेल तरच त्यांच्याकडून बऱ्या भावाची अपेक्षा धरावी. भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली रक्कम सोडून लिलावात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम पाहावी, आणि तीही त्याच कॅलिबरच्या (काडतुसाच्या मापाच्या), त्याच लांबीच्या नळीच्या व तितकाच मुलामा शिल्लक असलेल्या रायफलीची.