मूल जिथे अडलंय तिथून शिकवणी सुरू करा

पाचवीतलं मूल शिकवणीला आलं की बहुतेक जण पाचवीचं पुस्तक उघडतात. शाळेत जे चालू असेल तेच पुन्हा समजावतात, गृहपाठ करून घेतात आणि घटक चाचणीच्या आधी प्रश्नोत्तरं पाठ करून घेतात. एवढ्याने गुण थोडे वाढतात, पण मूल जिथे अडलेलं असतं तिथेच राहतं. अडचण अनेकदा दुसरी-तिसरीतल्या एखाद्या गोष्टीत असते. तिच्यापर्यंत मागे जायला शाळेत चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकांना सवड मिळत नाही. शिकवणी घेणाऱ्याला ती असते. घरच्या मुलाला शिकवणाऱ्या आई-बाबांना, आजी-आजोबांनाही असते.

आधी चाचपणी, मग पुस्तक

पहिले तीन-चार दिवस शिकवूच नका. मूल काय करू शकतं ते बघा, आणि ही परीक्षा नाही हे त्याला आधीच सांगा.

वाचनासाठी ‘असर’ सर्वेक्षणाची पद्धत वापरण्याजोगी आहे. ‘प्रथम’ संस्था २००५ पासून गावोगावी मुलांच्या घरी जाऊन ही चाचणी घेते. त्यात चारच पायऱ्या असतात: अक्षरं, सोपे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कोणत्या पायरीवर अडखळतं ते दहा मिनिटांत कळतं. यासाठी खालच्या इयत्तांची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात.

फक्त मजकूर मुलाने कधी न पाहिलेला असू द्या. वर्गात झालेला धडा कित्येक मुलं घडाघडा म्हणून दाखवतात आणि ऐकणाऱ्याला ती वाचताहेत असं वाटतं. चित्रही हाताने झाका, कारण हुशार मूल चित्र बघून अंदाजाने शब्द म्हणतं. वाचून झाल्यावर काय वाचलं ते त्याच्या शब्दांत विचारा. काही मुलं अस्खलित वाचतात, पण मजकूर त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. त्यांना वाचनाचा सराव नको, गप्पा हव्यात: हा असं का म्हणाला, पुढे काय होईल, तू काय केलं असतंस.

चूक खोडू नका, ती कशी झाली ते विचारा

माझ्या मते शिकवणीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. एक उदाहरण नीट बघू.

५२ − २७ हे गणित दोन मुलांना दिलं. दोघांनीही उत्तर ३५ लिहिलं. वही तपासणारा दोघांनाही फुली मारेल आणि वजाबाकीची तीच दहा गणितं देईल. पण “कसं केलंस, सांग बरं” असं विचारलं की पहिलं मूल म्हणतं, “दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले.” दुसरं म्हणतं, “हातचा घेतला, बारातून सात गेले, राहिले पाच. पाचातून दोन गेले, तीन.”

पहिल्याला दशक सुटा करणं म्हणजे काय हेच माहीत नाही. दुसऱ्याला ते नीट येतं, फक्त दशकाच्या घरातला एक कमी करायचा राहून गेला. पहिल्याला आठवडाभर काड्यांचे गठ्ठे द्या. दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवून त्यातून सात मागा. सुट्या पुरत नाहीत म्हटल्यावर मूल स्वतःच रबर काढून एक गठ्ठा सोडतं. ते त्याच्या हातून झालं पाहिजे, तुमच्या नव्हे. काड्या नसतील तर दहाच्या नोटा आणि एक-एक रुपयाची नाणी चालतील. दुसऱ्या मुलाला यातलं काही नको. हातचा घेतला की लगेच ५ वर काट मारून वर ४ लिहायचा, एवढीच सवय लावा.

चाचपणीसाठी गणित निवडतानाही थोडा विचार करा. ५३ − २७ दिलं असतं तर पहिल्याचं उत्तर ३४ आलं असतं आणि दुसऱ्याचं ३६. न विचारताही फरक दिसला असता.

आपल्या भाषेतले अडथळे ओळखा

‘पंचेचाळीस’ ऐकून मूल ५४ लिहितं. ते निष्काळजी नसतं. मराठीत संख्या म्हणताना एकक आधी येतो, लिहिताना दशक. ‘एकोणपन्नास’मध्ये तर पन्नास ऐकू येतात आणि लिहायचा असतो ४. मुलाला पंचेचाळीस काड्या मांडायला सांगा. चार गठ्ठे आणि पाच सुट्या बरोबर मांडल्या तर संख्या त्याला कळली आहे, अडचण नावाची आहे. मग काही दिवस ‘चाळीस आणि पाच’ असं म्हणून लिहू द्या, नंतर नेहमीच्या नावावर या. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात अशी जोडपद्धत आणली तेव्हा बराच वाद झाला होता. त्या वादात कोणाची बाजू काहीही असो, अडलेल्या मुलाला ही पायरी उपयोगी पडते. २९, ३९, ४९, ५९ हा गट मात्र वेगळा घ्या: पन्नासला एक कमी, साठला एक कमी.

वाचनात असाच अडथळा ‘र’चा. सूर्य, चक्र, ट्रक, दऱ्या या चार शब्दांत तो चार रूपांनी येतो. सगळी जोडाक्षरं एकदम न घेता एका आठवड्याला एकच रूप घ्या. त्याचे शब्द वर्तमानपत्रात, दुकानांच्या पाट्यांवर शोधायला लावा.

एकाच वेळी चार मुलं असतील तर

चौघांना चार प्रकारचं काम द्या, पण एका वेळी एकाच मुलाजवळ बसा. बाकीचे सराव करतील किंवा जोडीने एकमेकांना वाचून दाखवतील. जोड्या अधूनमधून बदला, नाहीतर एक कायम शिकवणारा आणि दुसरा कायम ‘कच्चा’ ठरतो. मुलांची आपसात तुलना करू नका, पालकांसमोर तर मुळीच नाही. तासाच्या शेवटी प्रत्येकासाठी वहीत एक ओळ लिहा: आज काय जमलं, कुठे अडलं. उद्याचं काम त्यावरून ठरतं.

सराव पुरेसा नसेल तेव्हा

फळ्यावरचं उतरवून घेताना चुका होत असतील तर आधी डोळे तपासून घ्यायला सांगा. हाक मारल्यावर वळत नसेल तर कान. तोंडी सगळं छान सांगणारं मूल महिनोन् महिने सराव करूनही अक्षरं उलटी लिहीत असेल, वाचायला फार कष्ट पडत असतील, तर अध्ययन अक्षमतेची शक्यता पालकांच्या कानावर घाला. निदान करणं आपलं काम नाही. ते तज्ज्ञांकडून आणि प्रमाणपत्र देणाऱ्या सरकारी रुग्णालयातून करून घ्यावं लागतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे आणि दहावी-बारावीच्या बोर्ड परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पालक बरेचदा दहावीच्या वर्षी धावपळ सुरू करतात. चौथी-पाचवीतच कळलं तर सवलतींपेक्षा मोठा फायदा होतो: मुलाला ‘आळशी’ म्हणणं थांबतं.

शाळेचं काय

मागे जायचं म्हणजे शाळेचा अभ्यास सोडायचा असं नाही. तासाचा दोन तृतीयांश वेळ पायाला आणि उरलेला शाळेच्या कामाला, अशी वाटणी सुरुवातीला ठेवा. वर्गशिक्षकांना भेटून काय चाललंय ते सांगा, बहुतेकांना ते हवंच असतं. पालकांनाही पहिल्याच भेटीत स्पष्ट करा की पहिल्या दोन-तीन महिन्यांत गुणपत्रिकेत फारसा फरक दिसणार नाही, आणि दर पंधरा दिवसांनी त्यांना ती वही दाखवा. मूल आपल्या इयत्तेचं पुस्तक स्वतः वाचून गणितं सोडवू लागलं की शिकवणीचे दिवस कमी करा. फी बुडते म्हणून ते लांबवू नका.