शेतीच्या धामधुमीत घरची प्रार्थना कशी चालू ठेवावी

जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी १५२८ साली जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतातील मंडळ्यांच्या पाहणीत भाग घेतला, तेव्हा खेड्यांतील पुष्कळ माणसांना प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार (आपण काय मानतो ते सांगणारा पाठ) आणि दहा आज्ञादेखील येत नाहीत, हे पाहून त्यांना फार दुःख झाले. त्या दुःखातून १५२९ मध्ये ख्रिस्ती शिकवण प्रश्न-उत्तरांतून सांगणारी लघु प्रश्नोत्तरी तयार झाली. कुटुंबप्रमुखाने आपल्या घरच्यांना हे सोप्या रीतीने कसे शिकवावे, अशा अर्थाची ओळ तिच्या भागांच्या माथ्यावर येते. ज्या गावात ख्रिस्ती घरे दोन-चारच आहेत आणि पाळकसाहेब महिन्यातून एखाद्याच रविवारी येऊ शकतात, अशा आपल्या वऱ्हाडातल्या किंवा झाडीपट्टीतल्या गावाला हे पुस्तक म्हणूनच इतके जवळचे वाटते. घरची रोजची उपासना या प्रश्नोत्तरीच्या आधाराने कशी बसवावी, ते पुढे सांगत आहे.

सुरुवात करण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की करावी. आमच्या घरी पहिल्या वर्षी रोज रात्री एक अध्याय वाचण्याचा नेम केला होता. सोयाबीनच्या सवंगणीत तो आठ दिवसांत मोडला, आणि मोडल्याची इतकी लाज वाटली की पुढे दोन महिने कोणी पवित्र शास्त्र उघडलेच नाही. व्रत मोडले की दोष लागतो, ही समज आपल्या भोवती इतकी मुरलेली आहे की आपणही नकळत प्रार्थनेला व्रत करून बसतो. परंतु देवाने ख्रिस्तामुळे आपल्याला आधीच स्वीकारले आहे, केवळ कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे, हीच तर लूथरन, म्हणजे लूथर यांच्या परंपरेतल्या मंडळीच्या, शिकवणीची नाळ आहे. खाडा पडला तर दुसऱ्या सकाळी पुन्हा सुरुवात करावी, मागची भरपाई करत बसू नये.

पहिले काम तक्त्याचे. प्रश्नोत्तरीचे भाग पुस्तकाआधी भिंतीवर लावण्याच्या तक्त्यांच्या रूपानेच छापले गेले होते. पांढऱ्या पुठ्ठ्यावर जाड अक्षरांत दहा आज्ञा, प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना लिहून, चुलीचा धूर पोचणार नाही पण जेवायला बसलेल्या सर्वांना दिसेल अशा जागी तो लावावा. शब्द एकाच भाषांतरातले घ्यावेत, शक्यतो आपली मंडळी रविवारी म्हणते तेच. एकदा निवडलेला पाठ बदलू नये, नाहीतर मुले आणि साधी माणसे गोंधळतात, असे लूथर यांनी प्रस्तावनेत बजावले आहे. ज्या आजीला वाचता येत नाही, पण जात्यावरच्या शेकडो ओव्या पाठ आहेत, तिला हे शब्द ऐकून ऐकून महिन्याभरात येतात आणि मग तीच नातवंडांना सांभाळून घेते.

सकाळी अंथरुणातून उठल्यावर क्रूसाची खूण करून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांचे नाव घ्यावे. याच नावाने आपला बाप्तिस्मा झालेला असतो. प्रश्नोत्तरी सांगते की आपल्यातला जुना आदाम, म्हणजे आपला पापी स्वभाव, रोजच्या पश्चात्तापाने बुडवला जावा आणि नवा माणूस रोज उठावा. रांजणातले पाणी तोंडावर मारताना हे आठवण्याची सवय लावली, तर वेगळा वेळ काढावा लागत नाही. त्यानंतर उभे राहून किंवा गुडघे टेकून विश्वासांगीकार आणि प्रभूची प्रार्थना म्हणावी. मग रात्री राखल्याबद्दल उपकार मानून, आजच्या दिवशी पापापासून राखण्याची विनंती करून, देह, आत्मा आणि सर्व काही देवाच्या हाती सोपवणारी लहान प्रार्थना करावी. याला चार-पाच मिनिटे पुरतात. नंतर एखादे गीत म्हणत आनंदाने कामाला जावे, अशी सूचना प्रश्नोत्तरीतच आहे. ‘उपासना संगीत’ या आपल्या मराठी गीतपुस्तकातले एक कडवे त्यासाठी पुरेसे आहे. जो पहाटेच ओलिताला निघून गेला असेल, त्याने हेच शब्द धुऱ्यावर उभे राहून म्हणावेत. घरचे आणि तो एकच प्रार्थना करत असतात.

जेवणापूर्वी हात जोडून स्तोत्र १४५ मधील १५ आणि १६ ही वचने म्हणावीत. सर्वांचे डोळे देवाकडे लागलेले असतात आणि तो मूठ उघडून प्रत्येक जिवाला तृप्त करतो, असा त्यांचा आशय आहे. जेवणानंतर स्तोत्र १३६ च्या पहिल्या वचनाने उपकार मानावेत. मराठी शास्त्रात आपण ‘आमची रोजची भाकर’ मागतो, आणि समोरच्या ताटात तीच भाकर असते, याचे मला प्रत्येक वेळी नवल वाटते. या विनंतीचा अर्थ सांगताना लूथर भाकरीत काय काय घालतात, ते आठवड्यातून एकदा तरी मोठ्याने वाचावे: अन्न, कपडे, जोडे, घर, शेत, गुरेढोरे, पैसा, चांगले राज्यकर्ते, चांगले हवामान, शांती, आरोग्य, चांगले मित्र, विश्वासू शेजारी. वाचून झाल्यावर प्रत्येकाने त्यातली एक गोष्ट निवडून तिच्यासाठी देवाकडे मागावे किंवा उपकार मानावेत. आमच्या घरी लहान मुले बहुधा जोडे निवडतात, आणि जून कोरडा जाऊ लागला की मोठी माणसे हवामान.

आता आज्ञांकडे वळू. इथे घाई करू नये. एका आठवड्याला एकच आज्ञा घ्यावी. विटेनबर्ग येथील पेटर बेस्केनडॉर्फ या आपल्या न्हाव्याने प्रार्थना कशी करावी असे विचारले, तेव्हा लूथर यांनी १५३५ मध्ये त्याच्यासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. प्रत्येक आज्ञेची चार पदरांची वेणी करावी, असे ते तिच्यात सांगतात: ही आज्ञा मला काय शिकवते, कशाबद्दल उपकार मानायला लावते, कोणते पाप कबूल करायला लावते आणि काय मागायला लावते. न्हाव्याचे लक्ष वस्तऱ्यावरून उडाले तर समोरच्याचे नाक किंवा गळा कापला जाईल, म्हणून प्रार्थनेतही मन तितकेच एकाग्र हवे, असेही त्यात आहे. डवरा धरणाऱ्याची नजर तासावरून ढळली की तणाऐवजी पऱ्हाटीच कापली जाते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला आणखी सांगावे लागत नाही.

‘चोरी करू नको’ ही आज्ञा घेऊन पाहा. शिकवण अशी की शेजाऱ्याचे काही लुबाडू नये, खोट्या व्यवहारानेही मिळवू नये, उलट त्याची मिळकत राखायला आणि वाढवायला मदत करावी. उपकार असे की आपलेही हक्काचे कोणी हिरावलेले नाही. तिसऱ्या पदराशी आल्यावर एका वर्षी मी थांबलो. वेचणीच्या बायांचा कापूस तोलताना दवाची ओल म्हणून प्रत्येकीच्या गाठोड्यामागे मी अर्धा किलो कापत होतो, आणि दुपारी वेचलेल्या कोरड्या कापसातूनही तो कापला होता. ते मी घरच्यांसमोर बोललो. चौथ्या पदरात काय मागावे, हे तेव्हा वेगळे शोधावे लागले नाही, आणि दुसऱ्या दिवशी राहिलेली मजुरी प्रत्येकीच्या हातात दिली.

आज्ञांच्या क्रमांकाबद्दल एक खुलासा आवश्यक आहे, कारण आपल्याकडे वेगवेगळ्या मंडळ्यांमध्ये सोयरिकी होतात आणि सून आपले पाठांतर घेऊन येते. लूथरन मंडळीत आईबापांचा मान राखण्याची आज्ञा चौथी असते, तर इतर बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांत ती पाचवी. मूर्तीविषयीचा भाग आपण पहिल्या आज्ञेतच धरतो आणि लोभाविषयीच्या आज्ञा दोन मोजतो, एवढाच फरक आहे. शास्त्रवचन तेच आहे. यावरून मुलांसमोर वाद घालू नये.

रात्रीची रीत सकाळसारखीच आहे. दिवसभरात कोणाला टोचून बोललो असू, तर झोपण्यापूर्वी त्याची क्षमा मागावी, प्रार्थना म्हणावी आणि निश्चिंत मनाने लगेच झोपी जावे.

मंडळीत ख्रिस्ताच्या नावाने भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या, म्हणजे प्रभुभोजनाच्या, आदल्या संध्याकाळी मात्र थोडा अधिक वेळ ठेवावा. बाप, आई, मुलगा, मालक किंवा मजूर म्हणून आपण कसे वागलो, हे प्रत्येकाने दहा आज्ञांसमोर पाहावे. मनाला बोचणारे पाप पाळकसाहेबांना एकांतात सांगून क्षमेचे शब्द ऐकण्याची मुभा लूथरन मंडळीत आहे, हे तरुणांना अवश्य सांगावे. उपास करणे ही चांगली बाह्य शिस्त आहे, परंतु खरा योग्य आणि सिद्ध तोच, जो प्रभुभोजनातल्या ख्रिस्ताच्या ‘तुमच्यासाठी’ या शब्दांवर विश्वास ठेवतो, असे प्रश्नोत्तरी सांगते. वर्षातून निदान चार वेळाही जो प्रभुभोजनाची इच्छा धरत नाही, तो ते तुच्छ मानतो की काय अशी भीती लूथर यांनी व्यक्त केली आहे, पण कोणावर जबरदस्ती करण्यास त्यांची मनाई आहे. म्हणून घरातला कोणी रुसून बसला असेल, तर त्याला ओढून नेऊ नये. त्याची जागा धरून ठेवावी, आणि रविवारी परतल्यावर त्याच्या ताटासमोरही जेवणाची तीच वचने म्हणावीत.