रेकमधून ट्रॅव्हलला: पोरांची सॉकर टीम वर नेताना

न्यू जर्सीत दर वसंतात मैदानाच्या कडेला एखादा बाबा मला गाठतोच. "सगळ्या मॅच जिंकतोय आपण. ट्रॅव्हलला नेऊ या की टीम!" रेक म्हणजे गावातल्या गावात सगळ्यांना घेऊन चालणारी लीग; ट्रॅव्हल म्हणजे निवडलेली पोरं घेऊन बाहेरगावी खेळणारी टीम. अहो, रेकमध्ये नऊ-दहा वर्षांची पोरं जिंकतात ती बहुतेकदा एका वेगवान पोराच्या जिवावर. त्याला दोन सरावांत बाहेर ठेवा. बाकीच्यांना पास देत चेंडू पुढे नेता आला, तरच पुढचं वाचा.

क्लबशी बोलणं, कोचची पार्श्वभूमी तपासणी, सेफस्पोर्टचं (मुलांच्या सुरक्षिततेचं) ट्रेनिंग, जन्मदाखले, प्लेयर कार्ड (खेळाडूचं ओळखपत्र) ही एका शनिवारची कामं. वयोगट मात्र नीट बघा. २०२६-२७ च्या हंगामापासून गट जन्मवर्षावर नाही, १ ऑगस्ट ते ३१ जुलै असे धरतात. म्हणजे ऑगस्ट ते डिसेंबरमधली पोरं त्यांच्या पुढच्या वर्षी जन्मलेल्यांबरोबर जातात. खर्चाचा आकडा पालकांना ट्रायआउटच्या, म्हणजे निवड चाचणीच्या, आधी सांगा, नंतर नाही.

आता निवड. इथेच मी तोंडावर आपटलो होतो.

सात-सातच्या खेळात रोस्टरवर (टीमच्या नोंदणी-यादीत) जास्तीत जास्त १२ पोरं बसतात. माझ्याकडे १५ होती. मी एकट्यानेच यादी केली आणि रात्री साडेदहाला सगळ्यांना एकच ईमेल टाकून झोपलो. चार हंगाम माझ्याकडे खेळलेल्या एका पोराला सकाळी स्कूलबसमध्ये मित्रांकडून कळलं. त्याच्या घरी आम्ही दरवर्षी आरतीला जायचो. त्या वर्षी बोलावणं आलं नाही, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

तेव्हापासून यादी मी करत नाही. बाहेरचे दोन कोच बोलावतो, पोरांना नंबरची बिब्ज घालतो, नावं कोणालाच सांगत नाही. माझा स्वतःचा मुलगा असेल तर त्याच्याबद्दल मी तोंडच उघडत नाही. तुम्हीही उघडू नका. एका दिवसाच्या ट्रायआउटवर निकाल लावू नका, किमान दोन घ्या.

ज्यांची निवड झाली नाही, त्यांच्या घरी आधी फोन करायचा, तोही त्याच संध्याकाळी. यादी त्यानंतर. "पुढच्या वर्षी नक्की घेऊ" हे वाक्य जिभेवर आलं तरी गिळा. पोरं ते लक्षात ठेवतात. त्याऐवजी दोन गोष्टी नेमक्या सांगा: डावा पाय कच्चा आहे, चेंडू घेण्याआधी मान वर होत नाही. आणि रेकची टीम पुढे कोण चालवणार हे ट्रायआउटच्या आधीच ठरवून ठेवा. उरलेल्या पोरांना कोचच नाही, असं होता कामा नये. "सगळ्यांनाच घ्या ना" म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका. १२ च्या पलीकडच्यांना रोस्टरवर जागाच नसते.

फ्लाइट, म्हणजे लीगमधला टीमचा स्तर, सगळ्यात खालची मागा. मान खाली जाते म्हणून वरची मागणारे कोच ऑक्टोबरपर्यंत ०-८ असे पराभव मोजत बसतात.

सराव आठवड्यातून दोनदा. ११ वर्षांखालच्यांना हेडिंग (डोक्याने चेंडू मारणं) अजिबात नाही, सरावातही नाही. अकरा वर्षांखालच्या गटात नऊ-नऊचा खेळ सुरू होतो आणि बिल्ड-आउट लाइन (सात-सातच्या मैदानावर ऑफसाइड जिथून धरतात ती रेषा) जाते; ऑफसाइड मग मध्यरेषेपासून धरतात, तेव्हा ते आधीच शिकवा.

पहिल्या बाहेरगावच्या मॅचला प्लेयर कार्डांची फाइल आदल्या रात्रीच गाडीत टाका. घरी राहिली तर रेफरी ऐकून घेत नाही.